ईजीआर व्हॉल्व्हमधली काजळी: साफ कधी करायची, कशी करायची आणि कधी हात लावायचा नाही

डिझेल गाडी सर्व्हिसिंगला टाकली की दुपारच्या सुमारास गॅरेजमधून फोन येतो. "साहेब, ईजीआर चोक झालाय. साफ करून टाकू का? नाहीतर गाडी एखाद्या दिवशी रस्त्यात बंद पडेल." ईजीआर हे नाव कानावरून गेलेलं असतं, त्यापलीकडे फारसं काही माहीत नसतं, आणि 'रस्त्यात बंद पडेल' ऐकल्यावर नाही म्हणायचा धीर होत नाही. बिलात एक ओळ वाढते. गाडी घरी येते, दोन-चार दिवस जरा हलकी वाटते. कधी तेही वाटत नाही.

ही सफाई खोटी नाही. काही गाड्यांना ती खरोखर लागते. पण ती अनेकदा चुकीच्या जागी आणि चुकीच्या पद्धतीने होते. शिवाय काजळी कशामुळे साचली, याची चौकशी कोणी करत नाही, त्यामुळे ती परत साचते. गिऱ्हाइकाने पैसे खर्च करायचे तर ते आधी निदानावर करावेत, घासण्यावर नंतर, असं माझं मत आहे.

हा प्रश्न आता जास्त ऐकू येतो त्यालाही कारण आहे. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या. त्याआधी विकल्या गेलेल्या स्विफ्ट, डिझायरमध्ये फियाटचं १.३ लिटरचं इंजिन असायचं. तेच इंजिन टाटाच्या व्हिस्टा-मांझात आणि फियाटच्या पुंटो-लिनियातही होतं, आणि पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार व्हायचं. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. वय झालंय, धूर वाढलाय, आणि मालकाला नवी गाडी घ्यायची नाही.

धूर परत इंजिनात? कशासाठी?

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा काही हिस्सा सायलेन्सरकडे न सोडता पुन्हा इंजिनाच्या आत घ्यायचा. किती घ्यायचा आणि केव्हा घ्यायचा हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याच्या हुकमाने उघडमीट करणारी झडप म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह.

जळून गेलेला धूर पुन्हा पाजायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण सिलिंडरमध्ये ज्वाला पेटते तिथलं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जातं, आणि एवढ्या उष्णतेत नायट्रोजनही ऑक्सिजनशी संयोग पावतो. त्यातून नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. गाड्यांच्या दुनियेत यांना 'नॉक्स' म्हणतात. दम्याच्या माणसाला यांचा थेट त्रास होतो. शिवाय उन्हात यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो, आणि हवेतल्या बारीक कणांतही भर पडते.

नॉक्स कमी करायचं तर ज्वाला थोडी मंद हवी. धुरात ऑक्सिजन कमी असतो, आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ बरीच उष्णता शोषून घेतात. असा धूर ताज्या हवेत मिसळला की ज्वालेचं कमाल तापमान उतरतं. ते थोडंसं उतरलं तरी नॉक्स खूप कमी होतं.

इथे एक शंका हमखास येते: गरम धूर आत घेतल्यावर इंजिन उलट तापणार नाही का? धूर तसाच घेतला तर हवा तापेल हे खरं आहे. म्हणूनच बहुतेक डिझेल गाड्यांत व्हॉल्व्हसोबत ईजीआर कूलर असतो. त्यात धूर इंजिनाच्या कूलंटने गार केला जातो. या कूलरकडे शेवटी पुन्हा यायचं आहे, कारण खरा धोका तिथे आहे.

आणखी एक गोष्ट. हा व्हॉल्व्ह सतत उघडा नसतो. शहरात रमतगमत चालवताना तो जास्त उघडतो, हलक्या भाराला सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वायूत तीस टक्क्यांहून अधिक धूरही असू शकतो. खंबाटकीच्या चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ट्रकला मागे टाकताना मात्र कॉम्प्युटर तो बंद करतो, कारण तेव्हा इंजिनाला मिळेल तेवढी ताजी हवा लागते. त्यामुळे 'ईजीआरमुळे गाडीची ताकद जाते' ही तक्रार चांगल्या चालू व्हॉल्व्हला लागू होत नाही. बिघडलेल्याला मात्र पुरेपूर लागू होते.

अमेरिकेत हे तंत्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून गाड्यांत आहे. आपल्याकडे ते अटळ केलं 'भारत स्टेज' म्हणजे बीएस या प्रदूषणाच्या निकषांनी. बीएस-४ च्या डिझेल कारला दर किलोमीटरला २५० मिलिग्रॅम नॉक्सची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ८० वर आली.

काजळी कशामुळे चिकटते?

डिझेलच्या धुरात काजळी असतेच. पण नुसती कोरडी काजळी फारशी त्रासदायक नाही. तिला चिकटवणारं काहीतरी लागतं, आणि ते इंजिन स्वतःच पुरवतं.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पोकळीत, झिरपत असतो. तो तिथल्या इंजिन ऑइलची बारीक वाफ सोबत घेऊन निघतो. पूर्वी हा वायू सरळ हवेत सोडत. आता तो एका नळीने परत हवेच्या मार्गात, म्हणजे इनटेकमध्ये आणतात. एका बाजूने तेलाची वाफ आणि दुसऱ्या बाजूने ईजीआरची काजळी, दोघांची गाठ इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांच्या, तोंडाशी पडते. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर फोडणीची वाफ आणि धूळ मिळून जो चिकटा बसतो, फडक्याने पुसला तर आणखी पसरतो आणि शेवटी सुरीने खरवडावा लागतो, हुबेहूब तसला थर इथे तयार होतो, फक्त काळाकुट्ट.

त्यात भर पडते ती थंडपणाची. गरम वायूत तरंगणारी काजळी थंड पृष्ठभागाकडे ओढली जाते आणि तिथेच बसते. इंजिन थंड असताना सगळंच थंड: कूलर, व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड. धुरातलं अर्धवट जळालेलं डिझेलही त्यावर दवासारखं जमून डांबरासारखं होतं. म्हणजे सकाळी गाडी काढायची, दोन-तीन किलोमीटरवर शाळेत मुलांना सोडायचं, गाडी पुरती तापायच्या आत घरी आणून बंद करायची, संध्याकाळी भाजीला पुन्हा तेवढंच अंतर, हा दिनक्रम ईजीआरला सगळ्यात वाईट. नाशिक-मुंबई धावणारी टॅक्सी त्याच मॉडेलची, दुप्पट-तिप्पट किलोमीटर पळालेली, आणि तरी तिचा व्हॉल्व्ह आतून बराच बरा, असं चित्र दिसतं ते याचमुळे.

या प्रकारात एक मूळचीच अडचण आहे, तीही सांगितली पाहिजे. ज्वाला मंद केली की नॉक्स घटतं, पण ऑक्सिजन कमी पडल्याने काजळी वाढते. ती काजळी पुन्हा ईजीआरमधूनच फिरते. इंजिनिअर मंडळी गेली कित्येक दशकं या दोघांत तडजोड करत आली आहेत. बीएस-६ च्या काही गाड्यांत म्हणून धूर आधी डीपीएफमधून, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधून, गाळून घेतात आणि मगच परत आत सोडतात. अशा मार्गात घाण बरीच कमी साचते.

उघडा अडकला आहे की बंद?

काजळी वाढली की व्हॉल्व्ह दोन तऱ्हांनी अडतो, आणि दोन्हींची लक्षणं वेगळी असतात.

झडप आणि ती मिटताना जिथे टेकते ती बैठक यांच्यामध्ये थर अडकून व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, तेव्हा नको त्या वेळीही धूर आत येत राहतो. आयडलिंगला गाडी थरथरते, सिग्नलला बंद पडते, पिकअप मरतो, चढावर उचलत नाही आणि मागून काळा धूर सोडते. ॲव्हरेजही पडतं. ही अवस्था चालवणाऱ्याला लगेच जाणवते.

व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला किंवा त्याची नळीच बुजली, तर गंमत वेगळी. गाडी उत्तम चालते. काही वेळा पूर्वीपेक्षा तरतरीत वाटते. थोडी खडखड वाढते, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि काही मॉडेल ताकद आखडून धरतात, ज्याला गॅरेजवाले 'गाडी लिंप मोडमध्ये गेली' म्हणतात. नॉक्स मात्र भरमसाट वाढलेलं असतं. ते दिसत नाही आणि चालवणाऱ्याच्या नाकालाही जाणवत नाही, कारण ते मागच्यांच्या वाट्याला जातं.

"स्कॅनरने ईजीआरच दाखवलाय की!"

इथे सर्वात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून बघू.

स्कॅनर लावल्यावर पी०४०१ असा कोड येतो. त्याचा अर्थ 'ईजीआरचा प्रवाह अपुरा'. पी०४०२ म्हणजे 'प्रवाह जास्त'. हे वाचून व्हॉल्व्ह खराब, असा निष्कर्ष निघतो. पण बहुतेक गाड्यांत धुराचा प्रवाह थेट मोजणारं काही नसतं. कॉम्प्युटर अंदाज बांधतो. एअर फिल्टरनंतर एक सेन्सर बसवलेला असतो, जो आत येणारी ताजी हवा मोजतो. त्याला गॅरेजमध्ये मॅफ सेन्सर किंवा एअर फ्लो म्हणतात. ईजीआर उघडला की धुराने जागा अडवल्यामुळे ताजी हवा तेवढी कमी यायला हवी. कमी आली तर सगळं ठीक. नाही आली तर कॉम्प्युटर म्हणतो, ईजीआर उघडायला सांगितला होता, धूर काही आला नाही.

आता समजा टर्बोपासून, म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या पंपापासून, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होजला चीर गेली आहे. सेन्सरसमोरून हवा भरपूर गेली, पण इंजिनात पोचायच्या आधी वाटेत निसटली. सेन्सरचा आकडा मोठा, कॉम्प्युटरचा हिशेब चुकला, आणि दोष ईजीआरच्या माथी. शिवाय हवा कमी आणि डिझेल जास्त झाल्यामुळे काळा धूर वाढला, म्हणजे काजळीचं उत्पादनही वाढलं. अशा गाडीचा व्हॉल्व्ह लख्ख घासून बसवला तरी काही महिन्यांत पुन्हा भरणार. खरा दोषी शंभर-दोनशे रुपयांच्या क्लॅम्पमधून सुटलेला होज असू शकतो.

मॅफ सेन्सर मळला असेल, तरी हिशेब बिघडतो. वायरिंगचा कनेक्टर गंजला, जुन्या गाडीत व्हॅक्यूमची नळी तडकली, इंजेक्टर टपकायला लागला, टर्बोचं सील गेलं आणि ऑइल हवेच्या मार्गात यायला लागलं, हे सगळे संशयित आहेत. त्यामुळे गॅरेजला विचारायचा पहिला प्रश्न 'किती खर्च येईल' हा नाही. "व्हॉल्व्ह उघडा-बंद करून लाइव्ह डेटात एअर फ्लो कमी-जास्त होतोय का, ते दाखवा" असं सांगायचं. बऱ्या स्कॅनरवर ही चाचणी काही मिनिटांत होते. व्हॉल्व्हला हुकूम दिला, आकडा बदलला, तर तो काम करतोय. जो मिस्त्री हे न करता पाना उचलतो, त्याच्याकडे गाडी देण्याआधी दुसरीकडे विचारलेलं बरं.

टाकीत बाटली ओतली तर?

पेट्रोल पंपावर, दुकानात, ऑनलाइन 'कार्बन क्लीनर'च्या बाटल्या मिळतात. टाकीत ओता आणि विसरा. ईजीआरपुरतं बोलायचं तर त्यांचा थेट उपयोग शून्य, कारण ते औषध तिथे पोचतच नाही. डिझेल टाकीतून पंपाला, पंपातून इंजेक्टरला आणि तिथून थेट सिलिंडरमध्ये जातं. ईजीआर व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड हवेच्या बाजूला आहेत. बाटलीतल्या रसायनाने इंजेक्टर थोडा साफ झाला तर पुढची काजळी कमी तयार होईल, एवढाच लांबचा फायदा. आधीच बसलेला थर त्याने हलणार नाही.

हाच न्याय 'हायवेला एकदा जोरात पळवून आणा, सगळा कार्बन उडून जातो' या सल्ल्याला. लांब पल्ल्याची, इंजिन पूर्ण तापलेली फेरी चांगलीच. बीएस-६ गाडीच्या डीपीएफमधली काजळी जाळायला तर ती लागतेच. पण मॅनिफोल्डमध्ये जमलेला तेलकट थर जळावा एवढी उष्णता तिथे कधी पोचत नाही. एक्सप्रेसवेवर पळवल्याने पुढची साचण मंदावते, मागची जात नाही.

न खोलता स्प्रे मारून होतं म्हणतात, ते?

चालू इंजिनाच्या हवेच्या नळीत फेसाळ किंवा पातळ क्लीनर मारायचा, तो आतून सगळं धुऊन नेईल, ही पद्धत लोकप्रिय आहे. कमी वेळ लागतो आणि बिल मात्र भक्कम होतं. हलका, ओलसर थर असेल तर थोडा फरक पडतो. जाड थरावर मात्र ती वरवरची ठरते, आणि डिझेल इंजिनात तिचे दोन धोके आहेत.

पहिला धोका असा, की सुटलेला मोठा खपला आत जाऊन इनटेक व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. दुसरा जास्त गंभीर. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, त्याचा वेग इंजेक्टरमधून किती डिझेल सोडलं यावरच ठरतो. हवेबरोबर ज्वलनशील द्रव जास्त प्रमाणात आत गेला, तर इंजिन तो जाळून स्वतःहून रेस घेऊ लागतं. किल्ली बंद केली तरी थांबत नाही, कारण त्याला इंधन टाकीतून मिळतच नसतं. हवेचं तोंड झाकणं एवढाच उपाय उरतो. खास डिझेलसाठी बनवलेला स्प्रे, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि जाणत्या हातानेच वापरायचा असतो तो याचसाठी. युट्यूब पाहून घरच्या पार्किंगमध्ये हा प्रयोग करू नये.

हायड्रोजन वायू इंजिनात सोडून 'डिकार्बोनायझेशन' करणारी यंत्रंही शहरांत दिसतात. ज्वलनकक्षावर त्याचा काय परिणाम होतो यावर वाद घालता येईल. ईजीआर व्हॉल्व्हवरचा चिकट थर त्याने निघतो, यावर माझा तरी विश्वास नाही. कोणी दावा केला तर आधीचा आणि नंतरचा फोटो मागावा, तोही सायलेन्सरच्या टोकाचा नव्हे, व्हॉल्व्हचा.

मग खरी सफाई कशी असते?

व्हॉल्व्ह खोलून. दुसरा खात्रीचा मार्ग नाही.

इंजिन पूर्ण गार झालेलं हवं. बॅटरीची निगेटिव्ह काढायची. कनेक्टरचं लॉक हळू सोडवायचं, कारण इंजिनाच्या उष्णतेने जुनं प्लास्टिक कडक होतं आणि पटकन तुटतं. बोल्ट गंजलेले असतील तर त्यावर गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबायचं. घाईत बोल्टचं डोकं उडालं तर साफसफाईचं काम दुरुस्तीचं होऊन बसतं.

व्हॉल्व्ह हातात आला की पाहण्यासारखा असतो. एका टोकाला मोटरचं स्वच्छ प्लास्टिक घर, त्यावर पार्ट नंबर वाचता येतो. दुसऱ्या टोकाला धातूचं तोंड, आणि तिथे भोकच नाही असं वाटावं इतका थर. वरचा भाग कोरडा, नखाने टोकरला तर पापुद्रे सुटतात आणि टेबलावर काळी भुकटी पडते. त्याखाली मऊ, ओला, चकाकता थर, बोटाला लागला की साबणानेही एका धुण्यात जात नाही. जळक्या डिझेलचा आणि शिळ्या ऑइलचा मिळून एक आंबट वास येतो. याच थरावरून अनुभवी मिस्त्री बरंच काही सांगतो. नुसती कोरडी काजळी असेल तर इंजिन जास्त धूर करतंय. तेल निथळत असेल तर टर्बो किंवा क्रँककेसच्या नळीकडे पाहायला हवं. आणि एखादा भाग धुतल्यासारखा स्वच्छ किंवा पांढुरका दिसला, तर तिथे कूलंट शिरत असल्याची शंका घ्यायची.

घासताना मोटरचं टोक वर आणि धातूचं तोंड खाली धरायचं, म्हणजे द्रव मोटरमध्ये उतरत नाही. अख्खा व्हॉल्व्ह डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवणारे महाभाग आहेत. नंतर तो व्हॉल्व्ह भंगारातच जातो. कार्ब क्लीनर किंवा ईजीआर क्लीनर मारायचा, दहा-पंधरा मिनिटं भिनू द्यायचा, नायलॉनच्या ब्रशने घासायचं, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, आणि पुन्हा तेच. स्क्रू ड्रायव्हर इथे शत्रू. झडप जिथे टेकते त्या गोल बैठकीवर एक ओरखडा पडला तरी व्हॉल्व्ह कधीच घट्ट मिटत नाही. झडप अडकली असेल तर अंगठ्याने जोर लावून ढकलायची नाही, आतल्या मोटरला बारीक गिअर असतात, त्यांचे दात तुटतात.

व्हॉल्व्ह साफ झाला म्हणजे काम अर्धं झालं. तो जिथे बसतो ते मॅनिफोल्डचं तोंड टॉर्च मारून पाहायचं. व्हॉल्व्ह बुजलेला असेल तर ते तोंडही बुजलेलंच असतं, आणि कित्येक गॅरेजमध्ये त्याकडे दुर्लक्ष होतं. थर जाड असेल तर मॅनिफोल्ड काढूनच धुवावा लागतो. तो इंजिनावर असताना आत खरवडायचं नाही, खपले थेट सिलिंडरकडे जातात. बसवताना पॅकिंग नवंच घालायचं. जुनं 'चालेल अजून' म्हणत लावलं तर तिथून धूर गळतो आणि बॉनेटखाली काळे पट्टे उमटतात. शेवटी स्कॅनरवर जुने कोड पुसून व्हॉल्व्हची शून्यस्थिती नव्याने शिकवावी लागते, कारण कॉम्प्युटरला थरासकटची जुनी 'बंद' अवस्था लक्षात असते. हे न केल्यामुळे 'साफ केल्यावर गाडी आणखी बिघडली' अशी तक्रार घेऊन लोक परत येतात.

घरी करणाऱ्यांसाठी एक सूचना. क्लीनर पेट घेतो आणि त्याची वाफ डोक्यात जाते, त्यामुळे बंद पार्किंगमध्ये नको. मास्क आणि हातमोजे घाला. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलं आहे, आणि ही काजळी त्याच धुराची आहे. उरलेलं काळं पाणी गटारात ओतू नका.

किती किलोमीटरला करायची?

ठरावीक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चालवण्याच्या सवयीवर आणि इंजिनाच्या तब्येतीवर सगळं अवलंबून असतं. लक्षण नाही, कोड नाही, लाइव्ह डेटा ठीक आहे, तर केवळ सर्व्हिसिंगच्या यादीत आहे म्हणून खोलायची गरज नाही. खोलण्यातही पॅकिंग, बोल्ट, कनेक्टर यांची हानी होण्याचा धोका असतोच. पेट्रोल गाड्यांत काजळी कमी, म्हणून हा उपद्रवही कमी. पण काही नव्या पेट्रोल आणि हायब्रिड इंजिनांतही गार केलेला ईजीआर आला आहे, तेव्हा 'पेट्रोलला ईजीआर नसतोच' हे आता खरं नाही.

पत्रा लावून कायमचा बंद केला तर?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि काही गॅरेजवाले स्वतःहून सुचवतात. व्हॉल्व्हच्या तोंडाशी पोलादी पत्रा घालायचा, सॉफ्टवेअरमधून दिवा विझवायचा, काम संपलं. "गाडी हलकी चालते, इंजिन स्वच्छ राहतं आणि पीयूसीतही पास होते."

तिन्ही विधानं बऱ्यापैकी खरी आहेत. पीयूसीबद्दलचं तर पूर्ण खरं आहे, आणि लाजिरवाणंही. पीयूसी केंद्रात डिझेल गाडीला रेस देऊन धुराची घनता मोजतात. नॉक्स मोजतच नाहीत. ईजीआर बंद केल्यावर काजळी घटते, त्यामुळे आकडा उलट सुधारतो. वाढलेलं नॉक्स अदृश्य असल्याने यंत्रालाही दिसत नाही.

हाच खेळ मोठ्या प्रमाणावर खेळला गेला, तो २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाला. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू असल्याचं ओळखून प्रदूषण रोखणारी यंत्रणा पूर्ण चालवायचं आणि रस्त्यावर ती ढिली सोडायचं. ईजीआर त्या यंत्रणेचाच भाग होता. आपल्याकडे या गाड्यांची तपासणी एआरएआयने केली, ती पुण्यात ज्या टेकडीला लोक एआरएआय टेकडीच म्हणतात तिथली, गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था. रस्त्यावरचं नॉक्स मर्यादेपेक्षा जास्त आढळलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्याचं जाहीर केलं. कंपनीने केलं तर घोटाळा आणि आपण पत्रा लावला तर जुगाड, हा हिशेब मला पटत नाही.

कायद्यालाही तो पटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्या गाडीसाठी पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पकडले जाण्याची शक्यता आज कमी आहे, हे मान्य. पण बीएस-६ गाडीत पत्रा लावणं तांत्रिकदृष्ट्याही अंगाशी येतं. तिथे ईजीआर, डीपीएफ, तापमानाचे आणि काही गाड्यांत नॉक्सचे सेन्सर एकमेकांच्या आकड्यांवर चालतात. एक दुवा तोडला की बाकीचे कोड द्यायला लागतात आणि सॉफ्टवेअरशी छेडछाड झाल्याचं दिसलं की वॉरंटीवर पाणी सोडावं लागतं.

कूलंट कमी होतंय का, ते आधी बघा

व्हॉल्व्ह भरला तर गाडी त्रास देते. कूलर फुटला तर प्रकरण इंजिनापर्यंत किंवा त्याहून पुढे जातं. कूलरच्या आत पातळ नळ्या असतात, एका बाजूला शेकडो अंशांचा धूर आणि दुसऱ्या बाजूला कूलंट. वर्षानुवर्षं तापून-निवून त्यांना बारीक तडा जातो आणि कूलंट धुराच्या मार्गात झिरपू लागतं.

२०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या अनेक डिझेल गाड्या पेटल्या. तपासात कारण निघालं ते हेच: ईजीआर कूलरमधून गळलेलं कूलंट साचलेल्या तेल-काजळीत मिसळलं आणि गरम धुराच्या संपर्कात येऊन पेट घेतला. एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि तपासणी न झालेल्या गाड्या रस्त्यावर आणू नका, असा आदेश सरकारने काढला.

म्हणून ईजीआर साफ करायला सांगण्याआधी बॉनेट उघडून कूलंटची टाकी पाहा. सकाळी, गाडी गार असताना, मिन आणि मॅक्सच्या खुणांमध्ये पातळी कुठे आहे ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. बाहेर कुठे थेंब पडलेला नाही आणि तरी पातळी उतरतेय, किंवा इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, तर व्हॉल्व्ह घासून घेण्यात अर्थ नाही. कूलर काढून त्याची प्रेशर टेस्ट करून घ्या. फुटलेला कूलर सांधून लावण्याच्या भानगडीत पडू नका, तो बदलायचाच असतो.